पूर्वमयत मुलाची विधवा

"मयताचे वारस पुढे या," कारकून म्हणाला आणि आम्ही दोघी एकदम उठलो. मी आणि माझी नणंद.

मी पुढे होते म्हणून त्यानं आधी मला विचारलं. "तुम्ही मयताच्या कोण?"

"सून."

"मग बसा मावशी. सून वारस नसते. आणि तुम्ही?"

"मुलगी," नणंद म्हणाली.

"या मॅडम. खुर्ची घ्या."

तिला खुर्ची मिळाली. मी भिंतीजवळच्या बाकड्यावर परत जाऊन बसले. मयत म्हणजे माझी सासू. अंधेरीच्या बाजारातला मासळीचा ओटा तिच्या नावावर होता. आधी तिच्याबरोबर आणि मग तिच्यामागे मी त्या ओट्यावर बसून सगळं आयुष्य काढलं. नणंद तिथे कधी बसली नाही. यायची तेव्हा नाकाला पदर लावून उभी राहायची आणि पिशवी भरून घेऊन जायची.

मला वाटलं, आता ती कारकुनाला सांगेल, ओटा वहिनीचा आहे, सही कुठे करू ते दाखवा. एवढ्यासाठीच मी तिला बोरिवलीहून बोलावून घेतलं होतं. पण तिनं पर्समधून प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात तिचा जन्मदाखला होता, आईचं नाव असलेला. आईच्या मृत्यूचा दाखला होता. आधारकार्डाच्या प्रती होत्या, फोटो होते. सगळं नीट टाचणी लावून. सही करायला येणारी बाई एवढे कागद आणत नाही. ती घरून ठरवून आली होती.

ऑफिसात पंखा चालू होता, माणसं होती, कोणी चहा पीत होतं. मी तिच्या पाठीकडे बघत होते. तिच्या ब्लाउजची शिवण सरळ होती. राग नंतर आला. आधी आला तो हेवा, आणि तो काही नवा नव्हता.

मी लग्न होऊन मढला आले तेव्हा ती शाळेत जात होती. मी माहेरी चौथी झाले आणि डोक्यावर मासळीची पाटी आली. आम्हा कोळणींचं तेच असतं, त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण सासरी आले तर तिथे माझ्याहून थोडी लहान मुलगी पुस्तक घेऊन पडवीत बसलेली आणि तिची आई तिला म्हणतेय, "तू हात लावू नको बाय, वास लागेल हाताला." मासळीला हात लावू नको. बर्फाला हात लावू नको. माझ्या हाताचा वास कोणाला येत नव्हता.

पहाटे बंदरावर जाऊन मासळी घ्यायची, वर्सोव्याला जायला फेरीबोटीत पाट्या चढवायच्या, तिथून अंधेरीला जायचं, दुपारपर्यंत बसायचं, परत येऊन रांधायचं. सासू आणि मी दोघीही हे करायचो. नणंद शाळेत, मग कॉलेजात, मग बँकेत. तिचं लग्न झालं तेही ऑफिसवाल्याशी. बोरिवलीला लिफ्टच्या बिल्डिंगीत गेली.

माशाच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, निघाली की ती नणंदेची. मी कापायची, मी काढायची, पिशवीत बांधून सासू फ्रीजमध्ये ठेवायची. "पोर येणार हाय रविवारी." एकदा मी विचारलं, "आये, मी पण पोरच ना कोणाची?" सासू म्हणाली, "तुला रोज मिळतंय की बघायला." ती असं बोलायची. गिऱ्हाइकांनाही सोडायची नाही. अख्ख्या बाजारात तिच्यासारखं तोंड कोणाचं नव्हतं. लोक तिच्या शिव्या ऐकायला यायचे आणि जाताना मासे घेऊन जायचे.

माझा नवरा काविळीनं गेला. सासू त्याच्यानंतर बरीच वर्षं होती. मला मूल नाही. ती शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मी केलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, घरात दुसरं कोण होतं? पण शेवटचे काही महिने ती मला मुलीच्या घरातल्या नावानं हाक मारायची. "बाय, आलीस?" मी म्हणायचे, "आले." बाजारात लोक मला सासूच्या नावानं ओळखायचे, घरात सासू मला नणंदेच्या नावानं.

हे बाजारातल्या नावाचं नीट सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यामुळेच झालं. आमच्या बाजारात ओटा म्हातारीच्या नावानं ओळखतात. सून आधी तिच्या बाजूला बसून बर्फ फोडते. मग मांदेली, बोंबील असा बारीक माल विकते. मग तिच्या हातात कोयता येतो. मग एक दिवस सासू आपण होऊन कडेला सरकते आणि सुनेला म्हणते, मधे बस. झालं. त्या दिवसापासून ओटा सुनेचा. बाजारातल्या सगळ्या बायकांना ते दिसतं, त्याहून जास्त काय लागतं? म्हातारी गेली तरी नाव तिचंच चालतं. परवान्याची फी घ्यायला माणूस यायचा, सासूचं नाव वाचायचा, मी "हां" म्हणायची आणि भरायची. त्याला वाटायचं तीच मी. सासूच्या मयतीला सगळा बाजार आला होता, त्या दिवशी एकही पाटी उघडली नव्हती. पण आता ऑफिसात जाऊन तिचं नाव काढायचं असतं, हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. नाव काढायचं म्हणजे काय? तिनं काय वाईट केलं होतं? निम्मा बाजार असा मेलेल्या बायकांच्या नावावर चालला होता.

मग बाजार पाडून नवा बांधायचं ठरलं. नव्या बाजारात ज्याच्या नावावर परवाना त्यालाच जागा. परवानेवाल्यांनी फोटो घेऊन, अंगठा द्यायला वॉर्डाच्या ऑफिसात यावं, अशी नोटीस लागली.

शेजारच्या ओट्यावरची माझी मैत्रीण म्हणाली, "जा गो, तूच सासू होऊन जा. तुझं तोंड तसंच झालंय आता."

"सासू आज असती तर नव्वदीच्या पुढे असती."

"मग? तू काय कमी दिसतेस?"

पण ऑफिसात मी खरं तेच सांगितलं. परवाना असलेली बाई वारली, मी सून. कारकुनानं यादीत सासूच्या नावापुढे लाल पेनानं लिहिलं, मयत. म्हणाला, वारसांना घेऊन या. म्हणून मी नणंदेला फोन केला. तो फोन मीच केला.

आमच्याकडे मयत म्हणजे तिरडी, माणसं, रडारड. मयतीला जायचं, मयतीहून आलं की आंघोळ करायची. दुपारपर्यंत संपतं. कागदावर तसं नसतं. कागदावर मयत म्हणजे माणूस, आणि ते माणूस संपतच नाही. मयत यांचा ओटा, मयत यांचे वारस, मयत यांचा परवाना. सासूला जिवंतपणी कोणी श्रीमती म्हटलं नव्हतं. मेल्यावर तिला म्हणाले, मयत श्रीमती.

नणंदेचे कागद बघून झाल्यावर कारकुनानं मला हाक मारली. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं मला समजेल असं सांगितलं.

"मावशी, बाईच्या मागे तिचा नवरा, मुलगे, मुली हे वारस. मुलगा तिच्याआधी वारला असेल तर त्याची मुलं. तुम्हाला मुलं?"

"नाही."

"मग या बाजूनं कोणी नाही."

"मी आहे की."

त्यानं कागद फिरवून वाचला. "मयत यांच्या पूर्वमयत मुलाची विधवा, यांचा ओट्यावर प्रत्यक्ष ताबा आहे."

"पूर्वमयत काय?"

"म्हणजे आधी मेलेला. आईच्या आधी."

"नवरा आधी मेला त्यात माझा काय गुन्हा?"

"गुन्हा नाही हो. ते आईनंतर वारले असते तर आईचा वाटा त्यांच्याकडे आला असता आणि त्यांच्याकडून तुमच्याकडे. एक दिवस जरी मागे राहिले असते तरी चाललं असतं."

हे ऐकून मला पहिली आठवण आली ती शेजारच्या ओट्यावरच्या मैत्रिणीची. तिचा नवरा पक्का दारुडा. तिला मारायचा, गल्ल्यातून पैसे उचलायचा, गटाराच्या कडेला पडलेला असायचा. पण त्याची आई गेली तेव्हा तो होता. सहा महिन्यांनी मेला. नोटीस लागल्यावर तिचं काम ऑफिसात एका फेरीत झालं, ती वारस निघाली. माझा नवरा चांगला माणूस. दारूला शिवला नाही, आईच्या शब्दाबाहेर गेला नाही, आणि आईच्या आधी मेला. त्या दारुड्यानं जन्मात एक काम वेळेवर केलं, मरायचं. मला तिचा पण हेवा वाटला. दारुड्या नवऱ्यासाठी कोणी कोणाचा हेवा करतं का? मी केला.

कारकून पुढे म्हणाला, "मॅडम वारस आहेत, ओटा त्यांच्या नावावर होईल. पण ताबा तुमचा आहे, म्हणून तुमची ना हरकत लागेल. तुम्ही हरकत घेतलीत तर प्रकरण वादात गेलं. वादातल्या ओट्याला नव्या बाजारात जागा नाही, वाद मिटेपर्यंत."

"कधी मिटतो?"

तो हसला फक्त.

बाहेर जिन्यात मी नणंदेला गाठलं.

"कागद घेऊन आलीस ती?"

"माझ्या आईचा ओटा आहे, वहिनी."

"आणि त्यावर चाळीस वर्षं तुझी आई आणि मी काय झोपा काढत होतो? काय करणार त्याचं? भाड्यानं देणार?"

"बसणार."

मी मोठ्यानं हसले. जिना चढणारी माणसं थांबली. "तू? तू बोंबील साफ करून मागणारी!"

"रिटायर झालेय. घरात बसून भिंती बघते. बसणार म्हटलं ना मी."

"हरकत घेईन मी."

"घे."

ती रिक्षा करून गेली. मी वर्सोव्याच्या बसची वाट बघत उभी राहिले.

बुधवारी ती बाजारात आली. डोक्याला रुमाल, अंगावर स्वयंपाकघरातला एप्रन आणि हातात गुलाबी रबरी मोजे. सगळा बाजार बघत होता.

"काय गो, भांडी घासायला आलीस?" माझी मैत्रीण ओरडली.

"तुझ्यापासून सुरुवात करू?" नणंद म्हणाली.

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी हसले नाही. मी तिला जागा दिली नाही, पण ती आपणहून कडेला, बर्फाच्या खोक्याशेजारी उलट्या क्रेटवर बसली. मला बघायचं होतं किती वेळ बसते. तासाभरात कंबर धरेल, पाणी उडालं की साडी झटकेल, मग जाईल. तिला कोलंबी सोलता येत नव्हती. पापलेट ताजं कुठलं आणि बर्फातलं कुठलं ते कळत नव्हतं. मी पाटीत लावलेला माल तिनं उगाच इकडचा तिकडे केला.

मग एक म्हातारा बंगाली आला. आमचं फार जुनं गिऱ्हाईक, सासूच्या वेळचं. रोज माझ्याकडून घेतो, मी कापते, तो पैसे देतो, जातो. आमच्यात कधी चार शब्द जास्त झाले नाहीत. मी गिऱ्हाइकाशी बोलत नाही, हात चालू असतो. तो येऊन उभा राहिला, नणंदेकडे बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे, मावशी! वापस आ गयी?"

मी तिच्याकडे वळून बघितलं. रुमाल बांधलेला, चष्मा काढून ठेवलेला, उन्हानं डोळे बारीक केलेले. सासूच बसली होती. तेच गाल, तेच कपाळ, हनुवटी तशीच पुढे. इतकी वर्षं ती बँकेतल्या साडीत आणि लिपस्टिकमध्ये होती म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"उनकी बेटी हूँ," नणंद म्हणाली.

"एकदम वही! एकदम वही!" म्हातारा सगळ्यांना दाखवायला लागला. मग त्याच्या सवयीनं रावसाच्या पोटाला बोट दाबून बघायला लागला.

आणि नणंद बोलली. बँकेत लोकांना सर, मॅडम म्हणणारी. "ए, दाबू नको! तुझ्या बायकोचा गाल आहे काय? घ्यायचा तर घे, नाहीतर हात खिशात घाल!"

म्हाताऱ्याला मराठी किती कळलं कोण जाणे, पण तो हसून हसून लाल झाला. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. अख्खा रावस घेतला. नेहमी अर्धा घेतो. शेजारची मैत्रीण म्हणाली, "बाय बाय बाय, म्हातारी उठून आली!" पलीकडच्या ओट्यांवरून बायका बघायला आल्या. एकीनं नणंदेच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

रावस मीच कापला. खवले काढले, तुकडे सारखे केले, डोकं वेगळं बांधलं. एक तुकडा वाकडा गेला. म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं. त्याचं सगळं लक्ष तिच्याकडे.

मी सासूच्या बाजूला बसून सगळं शिकले होते. कोयत्याची धार, मालाचं पोट, कुठल्या बोटीचा माल कुठल्या दिवशी घ्यायचा नाही. नणंद कधी एक दिवस बसली नाही आणि तिला चेहरा मिळाला. बोलणं मिळालं. फुकट. ते शिकता येत असतं तर मी शिकले असते. मी काय प्रयत्न केला नव्हता? सासू गेल्यावर मीसुद्धा एकदोनदा गिऱ्हाइकाला तसं बोलून बघितलं होतं. माझ्या तोंडून ते भांडण वाटलं. एक बाई परत आलीच नाही.

दुपारच्या आत पाट्या रिकाम्या झाल्या. ओटा धुताना ती पाणी टाकत होती, मी खराटा मारत होते. मोजे तिनं कधीच काढून फेकले होते. तिची बोटं पांढरी, सुरकुतलेली झाली होती. कोलंबीच्या काट्यानं दोन ठिकाणी फाटली होती.

"वास जाणार नाही आता चार दिवस," मी म्हटलं. बोचावं म्हणूनच म्हटलं.

तिनं हात नाकाशी नेला. "आयेचा वास हाच होता," म्हणाली. मग पाणी ओतलं आणि माझ्याकडे न बघता बोलली, "मला एकदा पण बसू दिलं नाही तिनं. मी किती वेळा म्हटलं, आये, रविवारी येते तुझ्याबरोबर. म्हणायची, तुझं काम नाही, वयनी हाय. सगळं वयनी. बाजारात वयनी, बंदरावर वयनी, फेरीबोटीत दोघी हसत बसायच्या. मी पुस्तक घेऊन घरात."

"वास लागू नये म्हणून म्हणायची ती."

"वास मला लागणार होता ना? माझं मी बघितलं असतं."

"गाभोळी तुला मिळायची."

"गाभोळी!" ती म्हणाली. "तुझ्याएवढी मूर्ख बाई बघितली नाही मी."

मी खराटा आपटला. म्हटलं, "मूर्ख कोण ते ऑफिसात कळेल. हरकत घेते उद्या."

खरंच घेणार होते. फोटोच्या प्रती काढल्या होत्या. लिहून देणारा बघून ठेवला होता ऑफिसच्या दारात. तिच्या नावावर होण्यापेक्षा ओटा बंद पडलेला मला चालत होता. मी मढच्या घरात बसेन, उपाशी राहीन, पण तिची पाठ त्या खुर्चीत मला परत बघायची नव्हती.

फेरीबोटीत मैत्रीण माझ्या शेजारी बसली होती. मी तिला सांगितलं. तिनं पानाची पिचकारी पाण्यात टाकली.

"घे हरकत. तुम्ही दोघी भांडून मरा. ओटा कोण घेणार माहीत आहे? तो कोंबडीवाला. आताच त्याचे पिंजरे माझ्या ओट्यापर्यंत आलेत. तुझ्या सासूच्या जागेवर कोंबड्या हगतील."

"हगू देत."

"बघ हां. मी शेजारी बसणार रोज. मला वास येणार."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुझा कोयता आणि तिचं तोंड. आज मी बघितलं. म्हातारीच्या वेळेला एवढी गर्दी नव्हती."

मला ते ऐकायचं नव्हतं. पण ते खरं होतं, आणि खोटं असतं तर मला इतकं लागलं नसतं. म्हातारीत दोन्ही होतं. मरताना तिनं वाटणी केली, एक मला, एक तिला, आणि आम्हाला कोणाला सांगितलं नाही. एकटीचा ओटा चालतो, मी चालवला. पण चालतो म्हणजे नुसता चालतो.

गुरुवारी ऑफिसात मी आधी जाऊन बसले. नणंद आली. बोटांना पट्ट्या लावलेल्या. माझ्या हातातला कागद बघून तिनं विचारलं, "घेतेस हरकत?"

"सही करते," मी म्हटलं. "पण मधे मी बसणार. कोयत्याला तू हात लावायचा नाही. बंदरावरची खरेदी माझी. तुला यायचं त्या दिवशी ये आणि कडेला बसून बोंब मार."

"मंजूर."

"परवान्यावर मदतनीस म्हणून माझं नाव."

"लिहू दे."

"आणि तू मेलीस तर?"

"काय?"

"तू मयत झालीस तर मग? मग मी तुझी कोण? पूर्वमयत भावाची विधवा. मला कोण विचारणार? तुझा मुलगा वारस."

तिनं जरा विचार केला. मुलगा बंगलोरला, त्याच्या बायकोच्या घरात मासे शिजत नाहीत. "मग तू माझ्याआधी मर," ती म्हणाली. "भांडणच नको."

"मी मोठी तुझ्याहून. नियमानं मीच आधी मरणार."

"मग तुला काय काळजी?"

"तुला बीपी आहे."

कारकून आमच्याकडे बघत होता. त्याला कळेना आम्ही भांडतोय की काय करतोय. त्यानं ना हरकतीचा कागद पुढे केला आणि वाचून दाखवला. मयत यांची सून, पूर्वमयत मुलाची विधवा, स्वखुशीनं लिहून देते की. स्वखुशीनं हे तिथे छापलेलंच होतं. मी सही केली. माझी सही मोठी येते, रेषेबाहेर गेली. तिनं तिची केली, बँकेतली, एका झटक्यात. सहीचा पण हेवा वाटला मला, आता काय सांगू.

नवा बाजार अजून उभा राहायचाय. आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये बसवलंय. परवान्यावर तिचा फोटो आहे. खाली बारीक अक्षरात मदतनीस आणि माझं नाव. ती बुधवारी आणि रविवारी येते. त्या दोन दिवशी लोक तिच्यासमोर उभे राहतात, ती त्यांना काय वाट्टेल ते बोलते, ते हसतात, आणि मासे कापणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही. बाकीच्या दिवशी येतात आणि विचारतात, "आज वो मावशी नहीं आयी?" मी म्हणते, "नहीं." मला अजून तसंच होतं. वय झालं म्हणून ते कमी होईल असं कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे.

पण एक झालं. ती यायला उशीर झाला की मी फोन करते. गोळी घेतलीस का, विचारते. जिना चढलीस की लिफ्ट चालू आहे, विचारते. गाभोळी तिला देत नाही, तेलकट आहे, मी खाते. ती म्हणते, "एवढी माया कशाला गो वयनी?" मी तिला खरं काय ते सांगते. "तू मेलीस तर मी रस्त्यावर येते. माझ्याआधी मेलीस तर याद राख." ती म्हणते, "तुझ्या तोंडात साखर पडो," आणि बर्फ फोडायला लागते. बर्फ तिला अजून नीट फोडता येत नाही. मोठे तुकडे राहतात, मला परत फोडावे लागतात.

सासू गेली, नवरा गेला. ओटा नणंदेचा झाला. हे सगळं जिच्यावरून गेलं ती मी. मढला राहते, गुडघे दुखतात, चौथी शिकलेय, मूल नाही. अजून आहे.